ताशी २० किलोमीटरने जाणारी गोल्फ कार्ट माणसाला थेट रुग्णालयात कशी पोहोचवते?

तारीख २८ एप्रिल २०२३. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना राज्यात फॉली बीच नावाचं समुद्रकाठचं छोटं गाव आहे. तिथे लग्नाचं रिसेप्शन आटोपून नवरा-नवरी रात्री गोल्फ कार्टसारख्या एका छोट्या गाडीतून निघाले होते. मागून भरधाव आलेल्या कारने त्यांना धडक दिली. त्या रस्त्यावर वेगमर्यादा होती ताशी २५ मैल, म्हणजे साधारण ४० किलोमीटर. कारचा वेग होता ताशी ६५ मैल, म्हणजे शंभर किलोमीटरच्याही पुढे. छोटी गाडी कोलांट्या खात लांबवर फेकली गेली. नवरीचा जागीच मृत्यू झाला, नवरा गंभीर जखमी झाला. कार चालवणारी तरुणी दारूच्या नशेत होती. डिसेंबर २०२४ मध्ये तिला २५ वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली.

ही बातमी जगभर गाजली. पण गोल्फ कार्टचे बहुतेक अपघात असे नसतातच. त्यात दुसरी गाडी नसते, दारूडा ड्रायव्हर नसतो, कधीकधी तर कार्ट उलटतसुद्धा नाही. कार्ट वळते आणि बाजूला बसलेला माणूस खाली पडतो, एवढंच घडतं. आणि तेवढ्यानेच कवटी फुटते, मेंदूत रक्तस्राव होतो, हात मोडतो. म्हणूनच या अपघातांची बातमी होत नाही, आणि म्हणूनच या गाडीला कुणी घाबरतही नाही.

आकडे काय सांगतात?

अमेरिकेत या विषयावरचा सगळ्यात जास्त उल्लेख होणारा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. ओहायोतल्या नेशनवाइड चिल्ड्रन्स हॉस्पिटलच्या संशोधकांनी १९९० ते २००६ या काळातली आपत्कालीन विभागांची आकडेवारी तपासली. या १७ वर्षांत देशभरात गोल्फ कार्टमुळे सुमारे १ लाख ४८ हजार लोक जखमी झाले असावेत, असा अंदाज त्यांनी काढला. १९९० मध्ये वर्षाला सहा हजारांच्या आत असलेला हा आकडा २००६ मध्ये १३ हजारांच्या पुढे गेला होता.

त्यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. एक, जखमींमध्ये १६ वर्षांखालच्या मुलांचं प्रमाण ३० टक्क्यांहून जास्त होतं. दोन, दुखापतीचं सगळ्यात मोठं कारण टक्कर हे नव्हतंच. कार्टमधून पडणं किंवा चालत्या कार्टमधून उडी मारणं, यातून सुमारे ३८ टक्के दुखापती झाल्या होत्या.

पुढे चिल्ड्रन्स हॉस्पिटल ऑफ फिलाडेल्फियाच्या डॉक्टरांनी २०१० ते २०१९ या दशकाची आकडेवारी पाहिली. तेव्हा वर्षाला सरासरी साडेसहा हजारांहून जास्त मुलं गोल्फ कार्टमुळे जखमी होत असल्याचं दिसलं. त्यातली निम्म्याहून जास्त मुलं १२ वर्षांची किंवा त्याहून लहान होती. गोल्फ हा निवृत्त लोकांचा खेळ समजला जातो, हे लक्षात घेतलं तर हा आकडा जास्तच खटकतो.

माणूस बाहेर कसा फेकला जातो?

एसटीने घाटात वळण घेतलं की आतले सगळे प्रवासी एका बाजूला कलतात. खिडकीजवळचा माणूस खिडकीवर दाबला जातो आणि तिथेच थांबतो, कारण बाजूला पत्रा असतो. गोल्फ कार्टला तो पत्राच नाही. दार नाही, बहुतेक कार्टमध्ये सीट बेल्ट नाही, आणि सीट म्हणजे सपाट, गुळगुळीत रेक्झिनचा बाक.

आता थोडं गणित. ६ मीटर त्रिज्येचं वळण ताशी १० किलोमीटरने घेतलं, तर ६० किलो वजनाच्या माणसाला साधारण ८ किलो वजनाइतका बाहेर ढकलणारा जोर जाणवतो. मांड्या आवळून तो सहज सांभाळता येतो. तेच वळण ताशी २० ने घेतलं, तर जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणजे ३० किलोच्या पुढे. हातात धरायला काही नसेल, माणूस मोबाइलमध्ये बघत असेल, तर सीटवरून घसरायला एवढं पुरेसं आहे.

यात एक मेख आहे. ड्रायव्हरच्या हातात स्टीअरिंग असतं, त्यामुळे त्याला आधार असतो. शिवाय वळण कधी येणार हेही त्यालाच माहीत असतं. शेजारी बसलेल्याकडे यातलं काहीच नसतं. अमेरिकेत ड्रायव्हर डावीकडे बसतो. त्याने डावीकडे झटक्यात वळण घेतलं की उजवीकडचा माणूस बाहेर जातो, आणि ड्रायव्हरला वाटत असतं की आपण तर अगदी हळू चालवत होतो.

सीटच्या कडेला एक बुटकी दांडी किंवा हँडल असतं. कंबर अडावी म्हणून ते दिलेलं असतं. पण माणूस बसलेला असताना शरीराचं बरंचसं वजन त्या दांडीच्या वर असतं. त्यामुळे जोर जास्त असेल तर दांडी त्याला अडवण्याऐवजी तिच्यावरूनच तो बाहेर कलंडू शकतो.

आणि पडल्यावर? कार्टमध्ये बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतं. दीड मीटरवरून सरळ खाली आलेली कुठलीही वस्तू जमिनीला टेकते तेव्हा तिचा वेग ताशी १९-२० किलोमीटर झालेला असतो. म्हणजे कार्ट जवळपास उभीच असली तरी डोकं डांबरावर एवढ्या वेगाने आदळू शकतं. हिरवळीवर पडलं तर निभावून जातं, काँक्रीटवर नाही. "गाडी हळू तर जाते" हा दिलासा इथेच खोटा ठरतो. दुखापत गाडीच्या वेगाने होत नाही, पडण्याने होते.

मुलांचे पाय जमिनीला टेकत नाहीत

मोठा माणूस नकळत पाय रोवून बसतो. सहा-सात वर्षांच्या मुलाचे पाय सीटवरून लोंबकळत असतात. त्याचा तोल जायला धारदार वळणाचीही गरज नसते, एखादा खड्डा किंवा अचानक लागलेला ब्रेक पुरतो. पुढच्या सीटवरून पडलेलं मूल मागच्या चाकाच्या वाटेत येण्याचा धोका वेगळाच. बॅटऱ्यांसकट साधी कार्टसुद्धा चारशे किलोच्या आसपास भरते.

त्याहून धोकादायक जागा म्हणजे मागे तोंड करून बसायची सीट. मुलांना नेमकी तीच हवी असते. पण ड्रायव्हरने पेडल दाबलं की गाडी पुढे निघते आणि मागच्या सीटवरचा माणूस, गाडी त्याच्याखालून निघून गेल्यासारखा, रस्त्यावर येतो. समोर काही नसतं, आणि ड्रायव्हरला मागचं दिसतही नाही.

आणखी एक गोष्ट फार जणांना ठाऊक नसते. अनेक कार्टमध्ये पार्किंग ब्रेक लावलेला असला तरी अॅक्सिलरेटरचं पेडल दाबताच तो आपोआप सुटतो. गोल्फच्या मैदानावर दर दोन मिनिटांनी थांबावं लागतं, म्हणून केलेली ही सोय. चावी चालू ठेवून मोठी माणसं उतरली आणि खेळता खेळता मुलाचा पाय पेडलवर पडला, की कार्ट निघाली. इलेक्ट्रिक असल्याने आवाजही होत नाही.

मैदानावरची गाडी रस्त्यावर कशी आली?

विजेवर चालणाऱ्या गोल्फ कार्ट अमेरिकेत १९५० च्या दशकात पसरल्या. ई-झी-गो ही मोठी कंपनी १९५४ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा शहरात सुरू झाली. मास्टर्स ही प्रसिद्ध गोल्फ स्पर्धा भरते ते हेच शहर. गाडी बनवताना हिशेब सरळ होता: गवत, मोकळी जागा, दोन माणसं, मागे गोल्फच्या बॅगा. छप्पर उन्हापावसासाठी. गाडी उलटली तर माणसाला वाचवणं हे त्या छपराचं कामच नव्हतं. बऱ्याच कार्टचे ब्रेकसुद्धा फक्त मागच्या चाकांना असतात. सपाटीवर ते चालून जातं. उतारावर मात्र वजन पुढच्या चाकांवर सरकतं, मागची चाकं हलकी पडतात, ब्रेक दाबला की ती जाम होऊन घसरतात आणि गाडी आडवी फिरते.

मग लोकांनी ही गाडी घरी नेली. जॉर्जियातल्या पीचट्री सिटीमध्ये कार्टसाठी १०० मैलांच्या आसपास वेगळ्या वाटा आहेत, गावात दहा हजारांहून जास्त कार्ट आहेत आणि शाळेच्या आवारात विद्यार्थ्यांच्या कार्टसाठी पार्किंग आहे. फ्लोरिडातली द व्हिलेजेस ही निवृत्तांची प्रचंड वसाहतही कार्टवरच चालते. या ठिकाणी निदान वेगळ्या वाटा तरी आहेत. खरी गडबड होते ती वेगळी वाट नसलेल्या गावांत, जिथे कार्ट आणि ट्रक एकाच रस्त्यावर येतात. त्यात हौशी मालक वेगमर्यादा काढून टाकतात, मोठी चाकं लावून गाडी उंच करतात, मागे जादा सीट बसवतात. गाडी जितकी उंच, तितकी उलटायला सोपी.

अमेरिकेच्या केंद्रीय नियमांत १९९८ साली 'लो-स्पीड व्हेईकल' असा वेगळा वर्ग आला. ताशी २० ते २५ मैल वेगाने जाणाऱ्या या गाड्यांना हेडलाइट, इंडिकेटर, आरसे, समोरची काच आणि सीट बेल्ट बंधनकारक झाले. त्याहून हळू चालणारी साधी गोल्फ कार्ट मात्र या नियमाबाहेर राहिली. तिचं काय करायचं हे राज्यांनी आणि गावांनी ठरवायचं. त्यामुळे नियमांची खिचडी आहे. फ्लोरिडात २०२३ पर्यंत १४ वर्षांचं मूल रस्त्यावर कार्ट चालवू शकत होतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून १८ वर्षांखालच्यांना लर्निंग परमिट किंवा लायसन्स लागतं. फॉली बीचमधली गाडी 'लो-स्पीड' वर्गातली होती, तिला दिवेही होते. पण या वर्गातल्या गाड्यांना मोठ्या कारसारखी क्रॅश टेस्ट किंवा एअरबॅग लागू नाही, हेही तितकंच खरं.

मग आपल्याकडे काय?

महाराष्ट्रातल्या बहुतेकांनी गोल्फचं मैदान पाहिलेलं नसतं, पण गोल्फ कार्टमध्ये मात्र अनेक जण बसलेले असतात. मोठ्या रेल्वे स्टेशनवर ज्येष्ठ आणि दिव्यांग प्रवाशांना नेणारी बॅटरीवरची गाडी, विमानतळावरची बग्गी, रिसॉर्टमध्ये रिसेप्शनपासून खोलीपर्यंत सोडणारी गाडी, मोठ्या टाउनशिपमध्ये गेटपासून इमारतीपर्यंत फिरणारी गाडी, ही सगळी याच जातकुळीतली.

कायदा इथेही थोडा बाजूलाच उभा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ मधल्या कलम २(२८) मध्ये 'मोटार वाहन' कशाला म्हणायचं हे सांगितलं आहे. केवळ कारखान्यात किंवा इतर बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेलं खास प्रकारचं वाहन त्या व्याख्येतून वगळलेलं आहे. म्हणजे रिसॉर्टच्या कुंपणाआत फिरणाऱ्या कार्टला नंबरप्लेट दिसत नाही, यात आश्चर्य नाही. तीच गाडी गेटबाहेर सार्वजनिक रस्त्यावर आली की प्रश्न बदलतो. तिथे नोंदणी, विमा आणि चालकाचं लायसन्स हे सगळं लागतं. अनेक जण "बॅटरीच्या गाडीला काही लागत नाही" असं सांगतात. ती सवलत आहे ती २५० वॅटपेक्षा कमी ताकदीची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग असलेल्या छोट्या दुचाकींसाठी. गोल्फ कार्टची मोटर त्याच्या कितीतरी पट ताकदीची असते.

कुंपणाआत मात्र सगळं भिस्त ठेवून चालतं ते आवाराच्या मालकावर. त्यामुळे सोसायटीच्या बैठकीत कार्ट घ्यायचा विषय निघाला, तर किमतीच्या आधी काही गोष्टी विचारायला हव्यात. ब्रेक चारही चाकांना आहेत का? प्रत्येक सीटला बेल्ट आहे का? बाजूला साखळी किंवा आडवी दांडी लावता येते का? कमाल वेग किती ठेवता येतो? चालक ठरलेला असणार, की चावी गेटवरच्या खिळ्याला लटकत राहणार? आणि पार्किंगच्या रॅम्पवरून ती जाणार असेल, तर उतारावर ब्रेक लावून एकदा पाहिलेलं बरं, तेही कुणी मागे बसलेलं नसताना.

बसणाऱ्यासाठी गोष्टी साध्या आहेत. पाय आत, एक हात दांडीवर, गाडी पूर्ण थांबेपर्यंत उतरायचं नाही. पाय टेकत नसतील एवढं लहान मूल असेल तर त्याला दोन मोठ्यांच्या मध्ये बसवायचं. मागे तोंड असलेल्या सीटवर आणि कडेच्या जागेवर नाही, कितीही हट्ट केला तरी. आणि कुणी पडलंच, तर "काही नाही झालं" म्हणून लगेच उठवून चालायला लावू नये. डोक्याला मार लागलेल्या माणसाला सुरुवातीला बरं वाटू शकतं. नंतर उलट्या, गुंगी, असंबद्ध बोलणं किंवा वाढती डोकेदुखी यातलं काहीही दिसलं तर वेळ न घालवता रुग्णालय गाठायचं. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्या आजी-आजोबांना तर लक्षणांची वाट न पाहता दाखवून आणायचं. स्टेशनवरच्या त्या बॅटरी गाडीत बसणारे जास्त करून तेच असतात.