नदीकाठचा दुर्ग आणि त्यातील रुग्णालय

बल्गेरियाच्या उत्तर सीमेवरून डॅन्यूब नदी वाहते. स्विश्तोव्ह शहराच्या पूर्वेस, तिच्या उंच उजव्या तीरावर ‘नोव्हे’ या रोमन दुर्गाचे अवशेष आहेत. आम्ही तेथे गेलो ते तट आणि बुरूज पाहण्याच्या ओढीने. परंतु अधिक वेळ थांबलो ते एका रुग्णालयाच्या पायाजवळ.

रोमन साम्राज्याची उत्तर सीमा म्हणजे ही नदीच होती. इ. स. पहिल्या शतकाच्या मध्यास येथे सैन्याचा तळ पडला. पुढे ‘पहिले इटालिका’ हे सुमारे पाच हजार सैनिकांचे दल येथे आले आणि काही शतके राहिले. आरंभी माती व लाकूड यांनी बांधलेला हा दुर्ग पुढे दगडी झाला. त्याचा विस्तार सुमारे १८ हेक्टर होता.

सम्राट ट्राजनने इ. स. १०१ ते १०६ या काळात दोन युद्धे करून नदीपलीकडील डेशियनांचे राज्य जिंकले. त्याच्याच कारकिर्दीत येथे रुग्णालय उभे राहिले. मध्ये चौक, भोवती स्तंभयुक्त ओसरी, तिच्या कडेने रुग्णांच्या खोल्या आणि चौकात आरोग्यदेवता ॲस्क्लेपियसचे देवस्थान, अशी त्याची रचना होती. उत्खननात सापडलेले हे पाये आजही स्पष्ट दिसतात. युद्धासाठी बांधलेल्या वास्तूत शुश्रूषेसाठी एवढी जागा राखलेली पाहून मन भरून आले. तथापि ही शुश्रूषा सैनिकांसाठी होती. बरा झालेला सैनिक पुन्हा तटावर उभा राहावा, हा तिचा हेतू होता.

तेथे आम्हांस सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखाचे स्मरण झाले. नोव्हेच्या रुग्णालयापूर्वी सुमारे साडेतीनशे वर्षे, कलिंगयुद्धाच्या पश्चात्तापानंतर कोरविलेल्या या लेखात माणसांसाठी व पशूंसाठी अशा दोन्ही चिकित्सांची व्यवस्था केल्याचे सांगितले आहे. औषधी वनस्पती लावल्या, मार्गांवर विहिरी खोदविल्या, झाडे लावली, असेही त्यात नमूद आहे. विशेष हे की, ही व्यवस्था केवळ स्वतःच्या राज्यापुरती नसून चोल, पांड्य यांच्या प्रदेशांत आणि यवनराज अंतियोकाच्या राज्यातही केल्याचे अशोक सांगतो.

सीमा दोघांनाही होत्या. एकाची चिकित्सा तटाच्या आत राहिली, तर दुसऱ्याने ती सीमेपलीकडे नेण्याचा संकल्प केला. आज नोव्हेचे तट ढासळले आहेत. सर्व संस्कार अनित्य आहेत, हे तथागतांचे वचन तेथे डोळ्यांनी पाहता येते. विद्यालयातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाने आपल्या करुणेची सीमा कोठवर नेली आहे, हे अधूनमधून तपासावे, एवढेच आम्हांस त्या नदीकाठी वाटले.