कंदील का सुटला?

मुलांनो, मी सातवीत होतो तेव्हाची गोष्ट. नाशिक रोडला आमच्या चाळीत आकाशकंदील घरीच करायची पद्धत होती. त्या वर्षी ताईने आणि मी मिळून चांगला हातभर उंच कंदील केला. कामट्या तासल्या, लाल-पिवळा पतंगी कागद आणला, आईने मैद्याची खळ शिजवून दिली. वसुबारसेला कंदील गॅलरीत चढला. दुसऱ्या रात्री पावसाची एक सर आली, आणि सकाळी बघतो तर काय! सांगाडा वर आणि कागद खाली जिन्यात. कागद फारसा फाटला नव्हता बरं का, कडेकडेने सुटून आला होता.

शेजारचे काका 'प्रेस'मध्ये नोकरीला होते. नाशिक रोडला नुसतं 'प्रेस' म्हटलं की वर्तमानपत्र नव्हे, नोटा आणि पोस्टाची तिकिटं छापणारे सरकारी छापखाने. भारताची तिकिटं पूर्वी लंडनहून छापून येत. १९२५ साली इथे सिक्युरिटी प्रेस सुरू झाला आणि हे काम नाशिक रोडला आलं. २१ नोव्हेंबर १९४७ ला निघालेलं स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट, तिरंग्याचं, इथेच छापलेलं आहे.

तर काकांनी आमचं रडगाणं ऐकलं आणि घरातून एक जुनं पाकीट आणलं. तिकिटाचा कोपरा कापून वाटीभर पाण्यात टाकला. पंधरा मिनिटांत तिकीट अलगद सुटून तरंगायला लागलं.

"काय रे, याचा डिंक वाईट होता का?"

मी म्हटलं, "हो, सुटला ना!"

"वेडा रे वेडा! इथून निघालेलं पाकीट कन्याकुमारीपर्यंत जातं, तिकीट पडतं का कधी? हा डिंक पाणी लागलं की जागा होतो, वाळला की धरतो. पुन्हा भिजला की पुन्हा सोडतो. तिकिटाला असाच पाहिजे. तू मात्र कंदील तिकिटासारखा चिकटवलास आणि टांगलास पावसात."

तेव्हापासून काहीही चिकटवायचं म्हटलं की मी आधी एकच प्रश्न विचारतो: ही वस्तू राहणार कुठे?

बाभळीचा डिंक आणि खळ दोन्ही पाण्याला भुलणारे. खळीत तर खाऊच असतो, त्यामुळे झुरळं आणि उंदीरही तिच्यावर टपलेले. म्हणून बुकबाइंडर खळीत चिमूटभर मोरचूद घालतात. तुम्ही मात्र घालू नका, ते विषारी असतं. पण म्हणून खळीला नावं ठेवू नका हं. नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यात संक्रांतीला तीन दिवस पतंगांची धमाल असते. जानेवारीतली कोरडी हवा, आणि पतंग हलका हवा. तिथे पातळ खळीसारखं दुसरं काही नाही.

आता आपला पांढरा गोंद, म्हणजे बहुतेक घरांतला फेविकॉल. हा दुधासारखा दिसतो, कारण चिकट द्रव्याचे अगदी बारीक कण पाण्यात पसरलेले असतात. पाणी उडालं की कण एकमेकांना बिलगतात आणि पारदर्शक पापुद्रा तयार होतो. त्यावर नंतर पाणी पडलं तरी त्याचं पुन्हा दूध होत नाही. एखादी सर तो सोसतो. पण तासन्‌तास भिजला तर मऊ पडतो, पांढुरका होतो आणि सोडतो. आणखी एक गोम आहे. त्यातलं पाणी बाहेर जायला वाट पाहिजे. लाकूड, कागद, कापड ते पाणी शोषून घेतात. काच किंवा प्लॅस्टिकच्या दोन तुकड्यांमध्ये लावलात तर दोन दिवसांनीही आत ओलाच! सुतार मंडळींसाठी पाण्यात टिकणारा वेगळा गोंदही मिळतो. पक्ष्यांसाठी लाकडी घरटं करणार असाल तर दुकानात तो मागा.

फुटलेली कुंडी, चिमण्यांना पाणी ठेवायचं मातीचं भांडं, गेटवरची पाटी अशा कामांना अराल्डाइट किंवा एम-सील. यात दोन भाग असतात. ते मिसळले की त्यांच्यात रासायनिक क्रिया होऊन दगडासारखं घट्ट होतं. पाणी उडायची भानगडच नाही, म्हणून ते पावसाला दाद देत नाही. लावायची जागा मात्र कोरडी, स्वच्छ हवी. हाताला पिशवी बांधा आणि आई-बाबांना बरोबर घ्या. चपला शिवणाऱ्या काकांकडचं रबराचं सोल्युशनही पाण्याला घाबरत नाही. पण त्याचा वास डोक्यात जातो आणि ते भुर्रकन पेट घेतं, तेव्हा अंगणात, मोठ्यांच्या हातूनच. पणती जवळ नको!

झटपट चिकटवणारी फेविक्विकची नळी सगळ्यांची लाडकी. मला विचाराल तर कंदिलाला नकोच. तिला हवेतला थोडासा दमटपणा पुरतो, म्हणून तर बोटं आधी चिकटतात. वाऱ्याने हलणाऱ्या वस्तूवर तो कडक सांधा तडकतो. कापसावर किंवा सुती कापडावर सांडली तर चटका बसण्याइतकी गरम होऊ शकते.

पुठ्ठ्याच्या पट्ट्या जोडीजोडीने खळ, डिंक आणि पांढऱ्या गोंदाने चिकटवा, दिवसभर वाळवा आणि पाण्यात बुडवून घड्याळ लावा. अराल्डाइटची जोडी बाबांकडून करून घ्या. या शेवटच्या जोडीत तुम्हाला गंमत दिसेल: सांधा शाबूत आणि पुठ्ठ्याचाच लगदा!

पुढच्या वर्षी आम्ही कामट्यांचे सांधे आधी दोऱ्याने आवळून बांधले, मग वर पांढरा गोंद लावला. कागदाच्या कडा कामटीवरून गुंडाळून आत चिकटवल्या आणि बाहेरून जिलेटिन पेपर लावला. काका खालून बघून गेले, बोलले काहीच नाहीत. तुळशीच्या लग्नापर्यंत कंदील गॅलरीत होता. झिरमिळ्या तेवढ्या वाऱ्याने नेल्या, कारण त्या ताईने घाईघाईत उरलेल्या खळीने चिकटवल्या होत्या.