त्याने असे का केले?

लैंगिक अत्याचार करणाऱ्याला शिक्षा झाली, त्याच्यामागे कारागृहाचा दरवाजा बंद झाला, तरी अत्याचार सोसलेल्या व्यक्तीच्या मनातला 'त्याने असे का केले' हा प्रश्न सुटतोच असे नाही. कारण न्यायालयाला कृत्य सिद्ध झाले की पुरते, तिला मात्र त्यामागचे कारण समजल्याशिवाय पुन्हा निर्धास्तपणे जगणे कठीण होते.

या प्रश्नाचे पहिले उत्तर पुष्कळदा स्वतःवर ठपका ठेवूनच दिले जाते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉनी यानॉफ-बुलमन यांनी १९७९ मध्ये या आत्मदोषाचे दोन प्रकार सांगितले : 'त्या वाटेने जायला नको होते' हा वर्तनाला दिलेला दोष, आणि 'माझ्यातच काही वाईट आहे' हा स्वभावाला दिलेला दोष. पहिल्यात पुढे असे टाळता येईल ही आशा तरी उरते, दुसऱ्यात तीही उरत नाही. परंतु दोन्हींत अत्याचार करणारा नजरेआड होतो, आणि 'तिच्यावर अत्याचार झाला' ही आपली रूढ वाक्यरचनाही त्याला तसेच लपवते.

लेखिका सोहेला अब्दुलअली यांनी या नजरेआड झालेल्या अत्याचाऱ्याला पुन्हा समोर आणले. १९८० मध्ये, सतरा वर्षांच्या असताना, मुंबईत चौघांनी त्यांच्यावर बलात्कार केला आणि १९८३ मध्ये 'मानुषी' या नियतकालिकात त्यांनी स्वतःच्या नावानिशी त्याविषयी लिहिले. मुलाबरोबर एकटी फिरणाऱ्या मुलीला धडा शिकवून आपण तिचे भलेच करत आहोत, असा त्या चौघांचा आविर्भाव होता, हे अब्दुलअली यांचे निरीक्षण फार मोलाचे आहे, कारण त्यातून अनावर वासनेऐवजी शिक्षा देण्याचा स्वतःहून घेतलेला अधिकार दिसतो.

अत्याचारी घरातला असेल, तर मात्र 'दारूच्या नशेत झाले' हे स्पष्टीकरण जवळचे वाटते, कारण त्यामुळे नाते तोडावे लागत नाही. बालकांच्या लैंगिक शोषणाचे अभ्यासक डेव्हिड फिंकेलहोर यांनी १९८४ मध्ये शोषणाआधीच्या चार पायऱ्या मांडल्या : शोषणाची इच्छा, मनातील अटकाव दूर सारणे, देखरेख चुकवणे आणि बालकाचा विरोध मोडणे. दारूची जागा यांतल्या दुसऱ्या पायरीवर आहे; ती मनाचा अटकाव सैल करते, पण इच्छा तिच्याआधीच असते, आणि घरात कोणी नसल्याची वेळ साधणारा माणूस त्या वेळी पुरता भानावर असतो.