ग्राफिक्स कार्ड नवे, वीजपुरवठा मात्र जुनाच?

सुरतेच्या दक्षिणेस, मुंबईकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वसलेले सचिन हे एकेकाळी छोटे संस्थान होते. आज त्याची ओळख औद्योगिक वसाहतीमुळे आहे. तेथे कापडाची रंगाई व छपाई चालते, तर विशेष आर्थिक क्षेत्रात हिरे आणि दागिन्यांचे काम होते. साडीवरची वेलबुट्टी असो वा अंगठीचा त्रिमितीय आराखडा, दोन्ही आता संगणकाच्या पडद्यावरच आकार घेतात. सुरत परिसरातील कापड उद्योगावर खान्देशातून गेलेल्या अनेक मराठी कुटुंबांचाही चरितार्थ चालतो. अशा ठिकाणी डिझाइनचा संगणक बंद पडणे म्हणजे त्या दिवसाची कमाई बुडणे.

काम वाढले की संगणकाला अधिक ताकदीचे ग्राफिक्स कार्ड बसवले जाते. नंतर एक विचित्र तक्रार सुरू होते. साधे काम सुरळीत चालते, पण मोठी फाइल रेंडरिंगला लावली की संगणक अचानक बंद पडतो किंवा पुन्हा सुरू होतो. दोष कार्डाला दिला जातो. प्रत्यक्षात तो अनेकदा वीजपुरवठा करणाऱ्या पेटीत, म्हणजे एसएमपीएसमध्ये असतो. गोव्यातील व्हिडिओ संपादक, वास्तुरचनेचे विद्यार्थी आणि गेम खेळणारी मुले यांनाही हाच अनुभव येऊ शकतो.

कोणता आकडा पाहावा?

एसएमपीएस घरातील २३० व्होल्टच्या विजेचे रूपांतर संगणकाला लागणाऱ्या कमी दाबाच्या विजेत करतो. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांचा मुख्य भार १२ व्होल्टच्या वाहिनीवर असतो. त्यामुळे पेटीवर ठळक अक्षरांत छापलेल्या वॉटपेक्षा बाजूच्या तक्त्यातील १२ व्होल्टसमोरचे अँपिअर महत्त्वाचे ठरतात. समजा, पेटीवर ४५० लिहिले आहे, पण १२ व्होल्टवर १८ अँपिअरच आहेत. तेव्हा गुणाकार येतो २१६ वॉट. कार्डाला मिळणारी खरी ताकद त्या मर्यादेतच असते.

बेरीज अशी करावी

इंटेलचा आय५-१२४०० प्रोसेसर पूर्ण भारावर ११७ वॉटपर्यंत वीज घेतो. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०६० कार्डाची मर्यादा १७० वॉट आहे. मदरबोर्ड, डिस्क व पंख्यांसाठी साधारण ६० वॉट धरले तर बेरीज साडेतीनशेच्या आसपास जाते. तरीही या कार्डासाठी कंपनी ५५० वॉटचा एसएमपीएस सुचवते. कारण कार्ड क्षणार्धासाठी आपल्या मर्यादेपेक्षा बरीच जास्त वीज ओढते. ते झटके पेलले नाहीत तर एसएमपीएसमधील संरक्षण यंत्रणा पुरवठा तोडते.

‘एटी प्लस’ हे प्रमाणपत्र कार्यक्षमता सांगते, एकूण दर्जाची हमी देत नाही. संगणकाला ३०० वॉट हवे असतील तर ८० टक्के कार्यक्षमतेची पेटी भिंतीतून ३७५ वॉट घेते आणि ९० टक्क्यांची सुमारे ३३३. रोज आठ तास असे काम चालल्यास महिन्याला सुमारे दहा युनिटांचा फरक पडतो.

केबलची चूक महागात पडते

मदरबोर्डवरील खाचेतून कार्डाला ७५ वॉटपर्यंत वीज मिळते. सहा पिनांची जोडणी आणखी ७५, तर आठ पिनांची १५० वॉट देते. कमी पडणारी जोडणी स्वस्त अडॅप्टरने भागवू नये. महागड्या कार्डांवरील सोळा पिनांचा प्लग शेवटपर्यंत घट्ट बसवावा. २०२२ साली आरटीएक्स ४०९० कार्डांचे असे प्लग वितळल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या होत्या. सुट्या होणाऱ्या केबल असलेला एसएमपीएस बदलताना जुन्याच्या केबल नव्याला कधीही लावू नयेत. पेटीच्या टोकाकडील पिनांची रचना प्रत्येक कंपनीत, कधीकधी प्रत्येक मॉडेलमध्येही, वेगळी असते. तेथे गफलत झाली तर कार्ड, डिस्क आणि त्यातील कामही क्षणात जाऊ शकते.

यूपीएस आणि अर्थिंग

पावसाळ्यात वीज वारंवार ये-जा करते, म्हणून यूपीएस असतोच. पण ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस बहुधा ३६० वॉटच पेलतो. नव्या कार्डासह भार तेथवर गेला, तर वीज जाताच यूपीएसही मान टाकतो. घरातील अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेणेही तितकेच गरजेचे.

कंपनीने जोडून दिलेल्या लहान आकाराच्या संगणकांत एसएमपीएस अनेकदा कमी क्षमतेचा आणि वेगळ्या मापाचा असतो. तो बदलता येत नसेल, तर खाचेतील ७५ वॉटवरच चालणारे कार्ड निवडणे शहाणपणाचे. जीटीएक्स १६५० ची काही मॉडेल अशी आहेत.

म्हणून कार्डाची किंमत विचारण्याआधी संगणकाची पेटी उघडावी, एसएमपीएसवरील तक्त्याचे छायाचित्र काढावे आणि ते दुकानदाराला दाखवावे. खर्चाचा अंदाज बांधताना कार्ड आणि एसएमपीएस एकत्र धरावेत. पैसे कमी पडत असतील तर एक पायरी खालचे कार्ड घ्यावे, एसएमपीएसच्या दर्जात मात्र काटकसर करू नये.