घराचं इरलं

आमच्या रत्नागिरीत पाऊस वरून पडतो हे अर्धंच खरं. उरलेला अर्धा समुद्रावरून आडवा येतो. त्याला आपण झड म्हणतो. वरचा पाऊस छप्पर झेलतं, झड मात्र पश्चिमेच्या भिंतीला सोसावी लागते. वर्षाची सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक आणि भिंत जांभ्याची, म्हणजे सच्छिद्र. ती पाणी पिणारच. म्हणून माझ्या लहानपणी आगोट जवळ आली, की चुडतं विणून केलेले झाप भिंतीला बांधले जात. शेतकऱ्याच्या डोक्यावर इरलं, तसं ते घराचं इरलं. पाऊस संपला की झाप सुटायचे, चुलीत जायचे आणि भिंत उन्हाला मोकळी व्हायची.

आता हे इरलं प्लॅस्टिकचं झालं आहे. माझ्या धाकट्या भावानं आखातातून पैसे पाठवले आणि आमच्या घराच्या पश्चिमेला पांढऱ्या पीव्हीसीच्या आडव्या पट्ट्या बसल्या. "आता भिंतीकडे बघायला नको," तो म्हणाला. आम्ही खरोखरच बघितलं नाही. सहा-सात पावसाळ्यांत खालच्या पट्ट्या शेवाळानं हिरव्या आणि वळचणीखालच्या बुरशीनं काळ्या झाल्या. भाऊ सुट्टीवर यायचा होता, म्हणून मी तारेचा ब्रश आणि संडास धुण्याचं अ‍ॅसिड घेऊन कामाला लागलो. शेवाळ गेलं, पण चकाकीही गेली. अ‍ॅसिडनं पट्ट्यांना काही केलं नाही. लोखंडी खिळे मात्र खाल्ले. पुढच्या पावसात ब्रशच्या ओरखड्यांमध्ये शेवाळ अधिकच घट्ट रुजलं. त्यानंतर मी जाणकारांना विचारलं, थोडं वाचलं. तेच सांगतो.

पीव्हीसी आपल्याला परकं नाही. रत्नागिरीजवळ गोळपला ते तयार करणारा कारखानाच आहे. १८७२ साली ऑयगेन बाउमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला उन्हात राहिलेल्या काचपात्रात व्हिनाइल क्लोराइड वायूपासून झालेला एक पांढरा घट्ट पदार्थ दिसला, तो हाच. गंमत अशी, की उन्हात जन्मलेलं हे प्लॅस्टिक उन्हानंच म्हातारं होतं. अतिनील किरणांनी त्याचा वरचा थर तुटत जातो, पिवळटपणा येतो आणि आत मिसळलेला पांढरा रंग भुकटी होऊन बाहेर पडतो. कोरड्या पट्टीवरून बोट फिरवा. बोटाला खडूसारखी पूड लागली, तर ते वार्धक्य समजा. हिरवं-काळं दिसतं तो मळ. मळ धुता येतो. वार्धक्य घासून जात नाही.

धुण्यासाठी लागतं थोडंच: बादलीभर पाणी, कपड्यांचा सौम्य साबण, मऊ ब्रश किंवा जुनं फडकं. साबण खालून वर लावत जावं. वरून सुरुवात केली, की मळकं पाणी खालच्या कोरड्या पट्ट्यांवर ओघळून डाग धरतं. शेवटी स्वच्छ पाणी मात्र वरून खाली सोडावं. शेवाळ हटेना, तर सात भाग पाण्यात तीन भाग व्हिनेगर पुरतं. थिनर आणि अ‍ॅसिटोनला हात लावू नये. त्यांनी पट्टी मऊ पडते. पाण्याचा जोरदार फवारा खालून वर मारला, तर पाणी फटींतून थेट मागच्या भिंतीवर जातं. आणि एक गोष्ट जिवाची: ब्लिचिंग पावडर कधीही अ‍ॅसिडमध्ये किंवा व्हिनेगरमध्ये मिसळू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो, तो फुप्फुसं जाळतो.

भुकटी सुटलेल्या पट्ट्यांना पुन्हा रूप द्यायचं, तर पूड पूर्ण धुऊन, वाळवून पाण्यात मिसळणारा बाहेरच्या भिंतीचा अ‍ॅक्रिलिक रंग द्यावा, पण मूळ रंगाहून गडद नको. गडद रंग ऊन पितो आणि पट्टी वाकते. तसंही पीव्हीसी उन्हात बरंच वाढतं. तापमानात ३० अंशांचा फरक पडला, तर ३ मीटरची पट्टी पाच-सहा मिलिमीटर लांब होते. म्हणून खिळे आवळून ठोकायचे नाहीत, पट्टीला सरकायला जागा ठेवायची. तडकलेली पट्टी बदलताना नवी कोरी पट्टी दर्शनी भागी ठिगळासारखी दिसते. घराच्या मागची एखादी तितकीच उन्हाळलेली पट्टी पुढे आणावी आणि नवी मागे लावावी. तपकिरी ओघळ दिसला, तर तो खिळ्याचा गंज असतो. खारी हवा लोखंडाला सोडत नाही. तिथे स्टेनलेस स्टीलचा खिळा घालावा, नाहीतर डाग पुन्हा येणारच.

पट्ट्यांच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात. ती सिलिकॉननं किंवा लांबीनं बुजवू नयेत. आत शिरलेलं पाणी तिथूनच बाहेर पडतं. आमच्याकडे कुणीतरी ती नीटनेटकेपणानं बुजवली होती. बहुधा मीच. खिळे बदलताना तळाची पट्टी काढली, तेव्हा दिवाळी उलटून गेली होती आणि जांभा अजून ओला होता. लाकडी रिपा वाळवीनं पोखरल्या होत्या. त्याच भिंतीच्या आतल्या बाजूला आईचा पलंग आहे. खोलीत कुबट वास येतो असं ती दोन वर्षं सांगत होती आणि आम्ही 'पावसाळा आहे' म्हणत होतो.

झापांचं हेच बरं होतं. ते दरवर्षी काढावेच लागत, त्या निमित्तानं भिंत दिसायची. प्लॅस्टिक टिकतं, म्हणून आपल्याला ती दिसेनाशी होते. कोकणात तर कितीतरी घरं अकरा महिने कुलपात असतात; त्यांच्या पट्ट्या बाहेरून पांढऱ्याशुभ्र दिसल्या, तरी आत काय चाललं आहे ते कुणाला ठाऊक? म्हणून आता दरवर्षी ऑक्टोबरच्या उन्हात मी पट्ट्या धुतो, तळाची एक पट्टी सोडवतो आणि भिंतीला हात लावून बघतो. कोरडी असेल, तरच पट्टी परत बसवतो.

भावाचा फोन आला, की तो अजूनही विचारतो, "पट्ट्या कशा आहेत?"

मी सांगतो, "भिंत बरी आहे."