ढोलाचा नाद आणि चौथे ऋण

भाद्रपद शुद्ध चतुर्थीला घरोघरी श्रींची प्राणप्रतिष्ठा होते आणि अनंत चतुर्दशीला जलाशयाच्या काठी त्यांना निरोप दिला जातो. या निरोपाच्या मिरवणुकीत अलीकडे शाळकरी मुलामुलींची ढोल-ताशा पथके आवर्जून दिसतात. त्यांच्याविषयी चार शब्द लिहावेत, असे पुष्कळ दिवस आमच्या मनात होते. कीर्तनाच्या रीतीप्रमाणे आधी पूर्वरंग, मग आख्यान.

मनुष्य जन्मतःच ऋणी असतो, असे आपले शास्त्र सांगते. ऋषिऋण, देवऋण आणि पितृऋण ही तीन ऋणे तैत्तिरीय संहितेत सांगितली आहेत व ती सर्वश्रुत आहेत. परंतु महाभारताच्या आदिपर्वात पंडुराजा आणखी एका ऋणाचा उच्चार करतो. ते मनुष्यऋण, म्हणजे आपल्या अवतीभोवतीच्या माणसांचे ऋण. यज्ञाने देवांचे, स्वाध्याय व तप यांनी ऋषींचे, पुत्र व श्राद्ध यांनी पितरांचे ऋण फिटते. मनुष्यांचे ऋण मात्र आनृशंस्याने फेडावयाचे असते. नृशंस म्हणजे निर्दय. दुसऱ्याची पीडा जाणून वागणे, हे आनृशंस्य. वनपर्वात यक्षाला उत्तर देताना युधिष्ठिरानेही यालाच परम धर्म म्हटले आहे.

आता आख्यान. लोकमान्यांनी १८९३ मध्ये गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले, तेव्हापासून मिरवणूक ही साऱ्या गावाची झाली. पुढे पुण्यात १९६२ मध्ये स्थापन झालेली ज्ञानप्रबोधिनी, तसेच रमणबाग शाळा, यांच्या पथकांनी शिस्तबद्ध वादनाचा लौकिक मिळविला. ते पाहून अनेक गावांतील शाळांनी ढोल हाती घेतले. आमच्या क्षेत्रातील एका शाळेनेही घेतले. ढोल विकत घेण्यास शाळेपाशी पैसा नव्हता. पेठेतील दुकानदारांनी, देवळातील पुजाऱ्यांनी, भाजी विकणाऱ्या बायांनी यथाशक्ति वर्गणी दिली. म्हणजे त्या पथकाच्या ढोलाचे प्रत्येक पान गावाच्या ऋणातलेच होते.

पण एका वर्षी या पथकावर आमचाच रोष झाला. आमचे ज्येष्ठ बंधू अंथरुणाला खिळले होते आणि सायंकाळचा सराव आमच्या घरामागील पटांगणात चाले. टिपरू पडले की भिंती हादरत. रुग्णालयाभोवती १०० मीटरपर्यंत शांतता राखावी, असे २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम सांगतात. परंतु घरात निजलेल्या रुग्णाला कोणते क्षेत्र? आम्ही तावातावाने शाळेत गेलो आणि कीर्तनात शोभणार नाहीत असे शब्द बोललो. मुख्याध्यापकांनी ते ऐकून घेतले व पथकप्रमुख मुलीला बोलाविले. नववीतली पोर. आमचे बोलणे संपेपर्यंत ती उभी राहिली आणि मग तिने एवढेच विचारले, "बुवा, आजोबांची झोपायची वेळ कोणती?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. तक्रार करण्याच्या भरात ते आम्हीच बंधूंना विचारले नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून सराव नदीकाठी हलला. चतुर्दशीला मिरवणूक आमच्या आळीच्या तोंडाशी आली, तेव्हा ध्वज खाली झुकला, ताशाची तर्री थांबली आणि सारी टिपरी एकदम खाली आली. कमरेला ढोल बांधलेली ती मुले केवळ टाळांच्या मंद नादावर पावले टाकीत पुढे सरकू लागली. बंधूंनी डोळे उघडले. "वाजंत्री का थांबली रे?" त्यांनी विचारले. तुमच्यासाठी, असे आम्ही सांगितले. ते काही वेळ स्तब्ध राहिले व म्हणाले, "मला खिडकीशी बसव. त्यांना म्हणावं, एकदा वाजवा." निरोप गेला. त्या मुलीने टिपरू कमरेला खोचले व उघड्या तळव्याने ढोलावर हलकी थाप दिली. बंधूंनी हात जोडले. त्यांच्या आयुष्यातील तो अखेरचा गणेशोत्सव ठरला.

पुढे चौकशी करता आम्हांला आणखी कळले. मंडळांकडून मिळणाऱ्या मानधनातून गरजू मुलांची वह्या-पुस्तके घेतली जातात, आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हीच मुले घाटावर निर्माल्य वेचण्यास उतरतात. हातांवर टिपऱ्याचे फोड असतात, तरीही येतात. गावाने जे दिले, ते गावाकडे असे परत जाते.

आनृशंस्य या शब्दाची व्युत्पत्ती आम्ही वर्षानुवर्षे कीर्तनातून सांगत आलो. तिचा अर्थ आम्हांला नववीतल्या मुलीच्या एका प्रश्नाने शिकविला. यंदा आपल्या दारावरून एखाद्या शाळेचे पथक गेले, तर माउलींनी त्या मुलांच्या हाती प्रसाद द्यावा आणि घरात कोणी आजारी असल्यास निःसंकोच सांगावे. मुले ऐकतात.

श्रीगजानन सर्वांचे मंगल करो. इति शम्.