‘अ‍ॅव्हरेज’ नेमके कुठे हरवते?

नवी गाडी दारात उभी राहिली की शेजारीपाजारी, नातलग आणि मित्रमंडळी यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली. तिच्या ७९६ सीसीच्या तीन सिलिंडरच्या इंजिनाने ‘छोटी गाडी म्हणजे कमी खर्चाची गाडी’ हे समीकरण मध्यमवर्गाच्या मनात पक्के केले. त्यामुळे लिटरला वीस-बावीस किलोमीटरचा आकडा वाचून घेतलेली गाडी प्रत्यक्षात चौदा-पंधरावरच थांबते, तेव्हा होणारा अपेक्षाभंग केवळ पैशांचा राहत नाही. त्यात फसवणूक झाल्याची भावनाही मिसळते.

पैशांचा प्रश्नही लहान नाही. वर्षाला दहा हजार किलोमीटर धावणारी गाडी लिटरला वीस किलोमीटर देत असेल तर तिला पाचशे लिटर पेट्रोल लागते. तीच पंधरा किलोमीटर देऊ लागली की ही गरज ६६७ लिटरवर जाते. पेट्रोलचा दर शंभर रुपयांच्या वर असताना हा फरक सतरा हजार रुपयांच्या घरात जातो. छोटी गाडी घेणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने ही रक्कम दुर्लक्ष करण्याजोगी नक्कीच नाही. मग दोष कोणाचा? गाडीचा, पेट्रोलचा, रस्त्याचा की चालकाचा? याचे उत्तर शोधण्यासाठी नांदेड जिल्ह्यातील हदगावसारखे तालुक्याचे गाव डोळ्यांसमोर ठेवणे उपयोगी ठरते. कारण जाहिरातीतला आकडा ज्या गृहीतकांवर उभा असतो, ती जवळजवळ सगळी तेथे एकेक करून कोसळतात.

पुण्यातला आकडा

भारतात गाडीच्या इंधन कार्यक्षमतेचा जो प्रमाणित आकडा सांगितला जातो, त्याच्याशी ‘एआरएआय’ म्हणजे ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ या पुण्यातील संस्थेचे नाव जोडले गेले आहे. १९६६ साली स्थापन झालेल्या या संस्थेत गाडी रस्त्यावर न नेता प्रयोगशाळेतील रुळांवर चालवली जाते. या चाचणीचे वेळापत्रक काटेकोर असते. एकूण ११८० सेकंद, म्हणजे वीस मिनिटांहून थोडा कमी वेळ. सुमारे साडेदहा किलोमीटर अंतर. ताशी सरासरी ३२ किलोमीटर आणि कमाल ९० किलोमीटर वेग. तापमान २० ते ३० अंशांच्या दरम्यान, वातानुकूलन बंद, चढ नाही, खड्डे नाहीत, समोरून येणारा वारा नाही, की अचानक आडवी येणारी बैलगाडी नाही.

हा आकडा खोटा नसतो. एकाच मोजपट्टीने सगळ्या गाड्या मोजल्या तरच त्यांची आपापसांत तुलना करता येते, हा त्याचा हेतू. मात्र ‘हीच गाडी तुमच्या रस्त्यावर इतके किलोमीटर देईल’ असे आश्वासन त्यात नसते. ग्राहक तो आकडा आश्वासन म्हणून वाचतो आणि गोंधळाची सुरुवात तेथूनच होते.

रुळांवर गाडीला किती विरोध जाणवू द्यायचा, हे आधी प्रत्यक्ष धावपट्टीवर ठरवावे लागते. गाडी वेगात नेऊन न्यूट्रलमध्ये सोडतात आणि तिचा वेग किती वेळात ओसरतो, ते मोजतात. त्यावरून हवा आणि टायर यांचा विरोध काढला जातो. या एका मापाला किती महत्त्व आहे, ते जपानमधील प्रकरणाने जगाला दाखवून दिले. एप्रिल २०१६ मध्ये मित्सुबिशी मोटर्सने सुमारे सव्वासहा लाख छोट्या गाड्यांच्या चाचणीत फेरफार केल्याची कबुली दिली. हवा आणि टायर यांचा विरोध प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवून इंधनाचा आकडा फुगवण्यात आला होता. यातील बऱ्याच गाड्या निस्सानसाठी बनवल्या होत्या आणि आकड्यांतील विसंगती निस्साननेच प्रथम हेरली होती. कागदावर विरोध थोडा कमी केला की अ‍ॅव्हरेज वाढते. रस्त्यावर तो थोडा वाढला की अ‍ॅव्हरेज घटते. छोट्या गाडीचे सगळे गणित या विरोधाभोवती फिरते.

हदगावचे तीन रस्ते

हदगाव हे नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेकडील, विदर्भाच्या सीमेलगतचे गाव. पैनगंगा ओलांडली की उमरखेड आणि यवतमाळ जिल्हा. नागपूर-तुळजापूर हा राष्ट्रीय महामार्ग येथून जातो आणि दवाखाना, महाविद्यालय, लग्नाची खरेदी अशा कामांसाठी नांदेडची वाट धरावी लागते. येथील छोट्या गाडीला त्यामुळे तीन प्रकारचे रस्ते तुडवावे लागतात.

पहिला रस्ता गावातला. घर ते बाजार, बाजार ते शाळा, अशा दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या. इंजिन थंड असताना त्याला तुलनेने अधिक पेट्रोल लागते आणि ते पुरेसे तापण्याआधीच गाडी पुन्हा उभी राहते. त्यात दुकानासमोर गाडी चालू ठेवून थांबण्याची सवय. उभ्या गाडीचे अ‍ॅव्हरेज शून्य असते, हे साधे सत्य सहज विसरले जाते.

दुसरा रस्ता तामसा, निवघा अशा आसपासच्या गावांकडे जाणारा. मराठवाड्याची काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचा रस्ता फार काळ सपाट राहत नाही. खड्डा आला की ब्रेक, खड्डा गेला की पुन्हा दुसऱ्या गिअरपासून सुरुवात. ब्रेक दाबला की पेट्रोल जाळून कमावलेला वेग उष्णतेच्या रूपाने वाया जातो आणि तोच वेग पुन्हा विकत घ्यावा लागतो.

तिसरा रस्ता महामार्गाचा. येथे अनेकांची अपेक्षा उलटी असते. रस्ता चांगला म्हणजे अ‍ॅव्हरेजही चांगले. ते खरे आहे, पण एका मर्यादेपर्यंतच. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० वरून १०० वर गेले की वेग सव्वापट होतो, पण हवेचा विरोध दीडपटीहून अधिक. चौपदरी रस्त्याचा मोकळा पट्टा मिळाला की छोटी गाडीही शंभरी गाठते आणि खराब रस्त्यावर वाचले नसते तेवढे पेट्रोल चांगल्या रस्त्यावर उडवते.

छोट्या गाडीची नाजूक काटकसर

याच रस्त्यांवर मोठी गाडीही धावते. मग अपेक्षाभंग छोट्या गाडीच्याच वाट्याला अधिक का येतो? कारण तिच्याकडे राखीव बळ नसते. साधारण आठशे किलोच्या गाडीत साठ-साठ किलोची पाच माणसे बसली की तिचे ओझे एका फटक्यात एक-तृतीयांशाहून अधिक वाढते. दुप्पट वजनाच्या गाडीला हीच वाढ निम्मी जाणवते.

वातानुकूलनाचे तसेच. मे महिन्यात नांदेडचा पारा चाळिशी सहज ओलांडतो. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाकडून जी शक्ती घेतो, ती मोठ्या इंजिनाला किरकोळ असते. छोट्या इंजिनाच्या ताकदीतला तो मोठा वाटा ठरतो. कडक उन्हाळ्यात, विशेषतः छोट्या फेऱ्यांमध्ये, एसीमुळे अ‍ॅव्हरेज पंचवीस टक्क्यांहूनही अधिक घसरू शकते, असे अमेरिकेच्या ऊर्जा खात्याची माहिती सांगते. म्हणून उन्हात तापलेल्या गाडीच्या काचा आधी दोन मिनिटे उघड्या ठेवून गरम हवा बाहेर जाऊ द्यावी, गावात कमी वेगात शक्य तेवढे काचांवर भागवावे आणि महामार्गावर मात्र काचा बंद करून एसी लावावा. वेगात उघड्या काचा हवेचा विरोध वाढवतात. टपावरचे सामानाचे कॅरिअरही हाच उद्योग करते; गरज नसताना ते काढून ठेवलेले बरे.

टाकीतला ऊस

गेल्या काही वर्षांत या हिशेबात आणखी एक घटक आला आहे, तो इथेनॉलचा. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल टप्प्याटप्प्याने पंपांवर येऊ लागले आणि २०२५ मध्ये देशाने हे उद्दिष्ट गाठले. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एक-तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाने प्रसिद्ध केलेल्या २०२१ च्या अहवालातच जुन्या, दहा टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींचे अ‍ॅव्हरेज वीस टक्के मिश्रणावर सहा ते सात टक्के घटेल, तर नव्या मिश्रणासाठी जुळवलेल्या गाड्यांत ही घट एक ते दोन टक्के असेल, असा अंदाज दिला होता. म्हणजे वीस किलोमीटर देणारी जुनी गाडी पावणेएकोणीसच्या आसपास येईल. ऊस पिकवणाऱ्या मराठवाड्याला हे इथेनॉल हवेसे असले, तरी जुन्या गाडीच्या मालकाने ही घट हिशेबात धरायला हवी. मात्र वीसचे पंधरा झाले असतील, तर त्याचे सगळे खापर इथेनॉलवर फोडता येणार नाही.

आधी मोजमाप, मग निदान

निदानाची पहिली पायरी म्हणजे अचूक मोजमाप, आणि तेथेच बहुतेक जण चुकतात. ‘पाचशेचे टाका’ या पद्धतीने अ‍ॅव्हरेज कधीच कळत नाही. टाकी पूर्ण भरावी आणि पंपाची नळी पहिल्यांदा आपोआप बंद झाली की थांबावे. किलोमीटरचा आकडा लिहून ठेवावा. किमान चारशे-पाचशे किलोमीटर गाडी नेहमीसारखी चालवून त्याच पंपावर, त्याच पद्धतीने पुन्हा टाकी भरावी. धावलेले किलोमीटर भागिले भरलेले लिटर, हे खरे अ‍ॅव्हरेज. भरण्यात एक लिटरचा फरक पडला तर दहा लिटरच्या हिशेबात दहा टक्के चूक होते, तीस लिटरच्या हिशेबात ती तीन टक्क्यांवर येते. अशा तीन टाक्यांची सरासरी काढल्याशिवाय कोणताही निष्कर्ष काढू नये.

पंपावर शंका असल्यास ग्राहकाला पाच लिटरच्या प्रमाणित मापाने तपासणी मागण्याचा अधिकार आहे. वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का असलेले हे माप पंपावर ठेवणे बंधनकारक असते आणि पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचाच फरक चालतो. म्हणजे नियमात राहिलेला पंप अर्ध्या टक्क्याहून अधिक अ‍ॅव्हरेज खाऊ शकत नाही.

त्यानंतर गाडीकडे वळावे. सुरुवात टायरपासून करावी. चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेला दाब टायर थंड असताना भरावा आणि माणसे अधिक असतील तर त्यासाठी दिलेला वेगळा दाब पाळावा. हवा थोडी कमी असल्याने एक-दोन टक्केच फरक पडतो, पण तो फुकटात भरून निघतो.

दुसरी तपासणी ब्रेकची. फारसा ब्रेक न वापरता पंधरा-वीस किलोमीटर गेल्यावर एखादे चाक इतरांपेक्षा जास्त तापलेले जाणवले, तर तेथे ब्रेक अडकत आहे असे समजावे. चाकाला थेट हात लावू नये. जवळ हात नेला तरी फरक कळतो. गॅरेजमध्ये गाडी जॅकवर चढवून प्रत्येक चाक हाताने फिरवले की शंका फिटते.

तिसरी बाब थर्मोस्टॅटची. ‘इकडच्या उन्हात गाडी तापते’ म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धत काही गॅरेजमध्ये आहे. तो नसला किंवा उघडा अडकला की इंजिन योग्य तापमानाला वेळेत पोहोचत नाही. संगणक इंजिनाला थंड समजून जादा पेट्रोल देत राहतो. तापमानाचा काटा बराच वेळ खालीच राहत असेल, तर ही शंका आधी घ्यावी.

चौथी बाब ऑक्सिजन सेन्सरची. सायलेन्सरच्या मार्गातील हा छोटा भाग बिघडला तर अ‍ॅव्हरेज मोठ्या प्रमाणात कोसळू शकते. असा गंभीर दोष दूर केल्यावर चाळीस टक्क्यांपर्यंत सुधारणा होऊ शकते, असे अमेरिकी ऊर्जा खाते नमूद करते. डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा ‘त्याने काही होत नाही’ म्हणून महिनोन्‌महिने जळत ठेवणे त्यामुळे महागात पडते. स्कॅनर लावून हा दोष काही मिनिटांत कळतो.

याउलट, ज्याच्यावर सर्वांत आधी संशय घेतला जातो त्या एअर फिल्टरचा दोष आजच्या गाड्यांत फारसा नसतो. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत फिल्टर धुळीने भरला की पेट्रोल वाढत असे. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत संगणक हवेनुसार पेट्रोलही कमी करतो, त्यामुळे गाडीची चपळाई घटते, पण अ‍ॅव्हरेज बहुधा टिकते. धुळीच्या रस्त्यांवर फिल्टर वेळेवर बदलायलाच हवा. मात्र तो इंजिनाच्या आरोग्यासाठी.

या सगळ्यांत एक पथ्य महत्त्वाचे आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि पुढची टाकी मोजावी. एकाच दिवशी प्लग, ऑइल, फिल्टर आणि टायर बदलले तर बिल मोठे होते, पण दुखणे कोणते होते ते कळत नाही.

टायर, ब्रेक आणि इंजिन निर्दोष असूनही आकडा प्रमाणित आकड्यापेक्षा वीस-पंचवीस टक्क्यांनी कमी राहिला, तर गाडीला बोल लावण्याचे कारण नाही. हदगावचे ऊन, पाच माणसे आणि छोट्या फेऱ्या यांची ती किंमत असते. पण तीन टाक्यांची नोंद त्याहून मोठी घट दाखवत असेल, किंवा काल अठरा देणारी गाडी आज अचानक तेरावर आली असेल, तर दोष आहे आणि तो सापडतो. सेवा केंद्रात किंवा वेळ पडल्यास ग्राहक आयोगापुढे ‘गाडी पेट्रोल खाते’ या तक्रारीपेक्षा तारीख, किलोमीटर आणि लिटर लिहिलेली साधी वही अधिक वजनदार ठरते. ती आजच्या टाकीपासूनच लिहायला घ्यावी.